संशोधन मोजायचे की वाचायचे?

विद्यापीठातले संशोधन म्हटले, की आपल्याला ते दूरचे वाटते. पण आज पीएच.डी. करणारी मंडळीच उद्या आपल्या मुलांना शिकवणार असतात. म्हणून एखादे संशोधन चांगले की सुमार, हे कोणी आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न आपलाही आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे विद्यार्थ्यांना बंधनकारक केले. २०१० मध्ये प्राध्यापकांची निवड आणि बढती गुणांशी जोडली गेली. छापलेल्या निबंधांना गुण मिळू लागले. हेतू चांगला होता. पण मागणी आली, की दुकाने निघतातच. पैसे घेऊन, फारशी तपासणी न करता निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले.

त्यावर उपाय म्हणून आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. तीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावे आली. पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतली काही निवडून तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट आढळली. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे ‘केअर’ ही नवी यादी आली. तिच्या कामाचा एक कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता.

२०२२ मध्ये पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती गेली आणि २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद झाली. आता पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवरच आहे. तिचे साधन नियमांतच आहे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्रात त्याने आपली प्रगती तिच्यापुढे मांडायची असते. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठच विद्यार्थी असावेत, अशीही मर्यादा आहे. सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. काम नीट वाचायला सवड मिळावी, हाच यामागचा अर्थ. समितीची बैठक चहा आणि सह्यांपुरती उरली, तर कोणतीही यादी आपल्याला वाचवू शकणार नाही.

आपणही यात काही करू शकतो. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध विनामूल्य पाहता येतात. आपल्या आवडीच्या विषयावरचा एखादा उघडून वाचा. वाचणारे आहेत, हे कळले, की लिहिणाराही जपून लिहितो.