आडनावाची किंमत

नौपाड्यात भाड्याची जागा शोधत मी एकदा चार दिवस हिंडलो. डिपॉझिटची सोय होती, पगाराचा दाखला खिशात होता. एका घरमालकाने खोल्या दाखविल्या, भाडे ठरले, चहाही झाला आणि मग त्याने आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की जागा भाच्याला द्यायची ठरली आहे. महिनाभराने पाहिले तर खिडकीत पाटी तशीच होती.

असे अपमान आपल्या आत्मकथनांतून पुष्कळ आले आहेत. पण अर्थशास्त्र याला काय म्हणते? दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणशी रोजच्या २२५० कॅलरींच्या आधारे देशातील दारिद्र्य मोजले. ते काम मोठेच होते. परंतु त्या मापाने मी गरीब नव्हतोच. पैसे असूनही मला जागा मिळाली नव्हती.

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात यांनी नेमका हा भेद धरून ठेवला. गरिबी वेगळी आणि भेदभाव वेगळा. गरिबाजवळ पैसा आला की बाजार त्याला माल देतो. दलिताजवळ पैसा, पदवी, कसब सगळे असले तरी बाजार आधी त्याचे नाव वाचतो. भेदभाव करणाऱ्या मालकाला तोटा होतो, म्हणून स्पर्धेत तो टिकू नये, असा सिद्धांत अमेरिकेत गॅरी बेकर याने १९५७ साली मांडला. आमच्याकडे हजारो वर्षे तोटा कोणाला झाला, हे सांगायला नको! जात माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचेही कारण आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखविले होते. थोरातांनी तो धागा पुढे नेला. वगळणे ही भेदभावाची एक तऱ्हा. काही कामांत मुद्दाम कोंबणे ही दुसरी. त्या इमारतीचा जिना झाडणाऱ्याला कोणी आडनाव विचारीत नव्हते.

मग मला प्रश्न पडला की हे सिद्ध कसे करायचे? वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण माझ्या घरमालकाने जातीचा उच्चारही केला नव्हता. त्याने भाचा पुढे केला. थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी यावर जी वाट काढली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले. फरक फक्त नावाचा. पुढचे बोलावणे येण्याचा संभव दलित नावाला सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाला, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. एकटा मालक सबब सांगू शकतो. शेकडो मालकांना एकाच वेळी भाचे उपटत नाहीत.

म्हणूनच थोरात दोन उपाय वेगळे ठेवतात. गरिबीवर जमीन, शिक्षण, भांडवल यांची मदत, आणि भेदभावावर संधीची हमी, खाजगी क्षेत्रातदेखील. १९९१ नंतर सरकारी नोकरीची दारे अरुंद होत गेली, तेव्हा ही दुसरी मागणी निकडीची झाली. 'फक्त आर्थिक निकष लावा' असे सांगणारे आमचे पांढरपेशे मित्र नेमकी हीच मागणी गिळून टाकतात. त्यांतल्या एकाला मी तो जागेचा किस्सा सांगितला. तो म्हणाला, "अरे, खरंच भाचा असेल." मी पाटीबद्दल विचारले, तर त्याने विषय बदलला.