धुराड्याचे अस्तर

ज्वलनातून निघणारे उष्ण वायू बांधकामाला न भिडता थेट बाहेर जावेत, म्हणून विटांच्या किंवा दगडांच्या धुराड्याच्या पोकळीत बसविलेल्या सलग नळीस धुराड्याचे अस्तर म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील थंड प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळणारी बंद लोखंडी शेगडी वापरतात. काश्मीरमधील बुखारी याच जातीची होय. तिचा धूर पत्र्याच्या नळीने बाहेर नेतात. उत्तर अमेरिकेत मात्र ही शेगडी पुष्कळदा तळघरात ठेवून घराच्या जुन्या धुराड्याला जोडतात. १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर अशा शेगड्यांचा वापर वाढला आणि भिंतीतील उघड्या अग्निस्थानांसाठी बांधलेली रुंद धुराडी त्यांच्यासाठी वापरात आली. तेव्हापासून अस्तराच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आले.

ओढ व तळघर : धुराड्यातील उष्ण वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, दोहोंच्या वजनांतील फरकामुळे वर जाणारी ओढ निर्माण होते. धुराडे ८ मी. उंच, बाहेरचे तापमान ०° से. आणि धूर सरासरी २००° से. असल्यास घर्षण वगळता ही ओढ सु. ४३ पास्काल भरते. धूर ६०° से. पर्यंत थंडावल्यास ती सु. १८ पास्कालवर येते. हिवाळ्यात उबदार घर स्वतःही एखाद्या धुराड्याप्रमाणेच वागते. वरच्या मजल्यांच्या फटींतून उष्ण हवा निसटते व तळघरातील दाब बाहेरच्यापेक्षा काही पास्कालनी कमी होतो. विस्तव विझत आला व धुराडे गार पडले की, घराची ओढ धुराड्याच्या ओढीवर मात करू शकते. मग हवा धुराड्यातून खाली येते व तिच्याबरोबर निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू घरात शिरतो. हा वायू रंगहीन, गंधहीन व विषारी असल्याने झोपलेल्या माणसांना त्याची चाहूलही लागत नाही. म्हणून तळघरातील शेगडीसाठी धूरमार्ग उष्ण राखणे हे अस्तराचे एक प्रमुख कार्य ठरते.

क्रिओसोट : पूर्ण कोरड्या १ किग्रॅ. लाकडाच्या ज्वलनातूनही सु. अर्धा किग्रॅ. पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. ओल्या लाकडात त्यात आणखी भर पडते. धूर सु. १२०° से. खाली थंडावला की, ही वाफ व अर्धवट जळालेली डांबरी द्रव्ये भिंतींवर साचतात. या ज्वलनशील थरास क्रिओसोट म्हणतात. तो पेटल्यास धुराड्यातील तापमान १,०००° से. च्या वर जाऊ शकते. अस्तर नसलेल्या धुराड्यात अशी आग सांध्यांतील भेगांमधून घराच्या लाकडी तुळयांपर्यंत पोहोचते. १९८८ साली अमेरिकेत लाकडी शेगड्यांच्या धुरावर राष्ट्रीय मर्यादा घालण्यात आल्या. २०१५ च्या नियमांन्वये त्या अधिक कडक झाल्या. कार्यक्षम शेगडीत धूर कमी निघतो, परंतु तो तुलनेने थंडही असतो. त्यामुळे योग्य मापाच्या अस्तराची गरज कमी न होता वाढली आहे.

माप : शेगडीच्या धूरद्वाराचा व्यास सामान्यतः १५ सेंमी., म्हणजे क्षेत्रफळ सु. १७७ चौ. सेंमी. असते. ३० × २० सेंमी. मापाच्या जुन्या धूरमार्गाचे क्षेत्रफळ याच्या ३.४ पट भरते. त्यात धूर मंदावतो व थंड होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार हे प्रमाण घरातून जाणाऱ्या धुराड्यासाठी तिप्पट व बाहेरील भिंतीलगतच्या धुराड्यासाठी दुप्पट यांहून अधिक नसावे. अस्तराचा व्यास सामान्यतः धूरद्वाराएवढाच ठेवतात.

प्रकार : भाजलेल्या मातीच्या नळ्या नव्या बांधकामात बसवितात, त्या टिकाऊ असल्या तरी धुराड्यातील आगीने तडकतात. हवा भरलेली रबरी नळी पोकळीत ठेवून तिच्याभोवती हलके काँक्रीट ओतण्याची पद्धतही आहे. जुन्या धुराड्यासाठी अगंज पोलादाची सरळ किंवा लवचिक नळी सोयीची पडते. ३१६ प्रतीच्या पोलादातील मॉलिब्डेनमामुळे ते आम्लयुक्त पाण्यापासून होणाऱ्या संक्षारणाला अधिक दाद देत नाही.

बसविण्याची पद्धत : प्रथम धुराडे खरवडून क्रिओसोट पूर्णपणे काढतात व भेगा, अडथळे तपासतात. नळीभोवती सिरॅमिक तंतूंची उष्णतानिरोधक चादर गुंडाळून वर जाळी चढवितात. किंवा नळी बसविल्यावर भोवतालच्या जागेत व्हर्मिक्युलाइटाचे मिश्रण ओततात. छपरावरून दोरीच्या साहाय्याने नळी खाली सोडतात व तळघरात तिला तीन तोंडांचा सांधा जोडतात. त्याचे आडवे तोंड शेगडीच्या नळीला जोडले जाते आणि खालचे, झाकणाचे तोंड काजळी काढण्यासाठी राखतात. वरच्या टोकाला आधारपट्टी व पावसाळी टोपी बसवितात. तापल्यावर पोलाद वाढते; ८ मी. सरळ नळीचे तापमान ५००° से. ने चढल्यास तिची लांबी सु. ७ सेंमी. वाढते. यासाठी वाढीला वाव ठेवावा लागतो. तेल वा वायू जाळणारी भट्टी त्याच धूरमार्गाला जोडू नये.

देखभाल : वर्षातून एकदा तपासणी करून सु. ३ मिमी. थर साचताच तो काढणे, २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे लाकूड वापरणे आणि तळघरात व झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडाचा इशारा देणारे यंत्र बसविणे आवश्यक असते.