आधी कोण मरतो?

औषधाने जीवाणू मरतात, हे पेट्री डिशमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसतं. औषधाच्या चकतीभोवती आगरवर काही उगवत नाही, स्वच्छ गोल जागा उरते. पण जीवाणू नेमका कशाने मेला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी म्युटंट लागतात, म्हणजे एखादं जनुक मुद्दाम काढून टाकलेले जीवाणू.

ई. कोलाय या जीवाणूच्या अशा म्युटंटांचा मोठा साठा जपानमध्ये तयार झाला. २००६ साली जाहीर झालेल्या या 'केइओ कलेक्शन'साठी ४२८८ जनुकं एकेक करून काढायचा प्रयत्न झाला; ३९८५ बाबतीत तो जमला. काढलेल्या जनुकाच्या जागी कॅनामायसिन या औषधाला दाद न देणारं जनुक बसवलेलं असतं. त्यामुळे कॅनामायसिनच तपासायचं असेल तर आधी हे जनुक उपटून टाकावं लागतं!

कोणता म्युटंट सहज मरतो, यावरून औषधाचा घाव कुठे बसतो याचा अंदाज येतो. उदाहरणार्थ, रेकए हे जनुक तुटलेला डीएनए जोडायला मदत करतं. ते नसलेला म्युटंट सिप्रोफ्लॉक्सासिनच्या अगदी थोड्या मात्रेने मरतो, म्हणजे घाव डीएनएवर आहे. टोलसी हे जनुक नसलेला म्युटंटही अनेक औषधांना चटकन बळी पडतो, पण तिथे कारण वेगळं: औषध बाहेर फेकणारा पंपच बंद पडलेला असतो. घाव कुठे बसला याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. नवखे संशोधक फसतात ते इथेच.

औषधं जीवाणूंना कशी मारतात, याबद्दल बॉस्टनमधले संशोधक जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने २००७ साली मोठा दावा केला. अँपिसिलिन पेशीभित्तिकेवर, नॉरफ्लॉक्सासिन डीएनएवर आणि कॅनामायसिन प्रथिनांच्या निर्मितीवर हल्ला करतं. तरी तिन्हींचा शेवटचा वार एकच, पेशीत तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकल्सचा. लोह-गंधकाचे गुच्छ घडवण्याचं जनुक काढलेले म्युटंट जास्त तगले, हा त्यांचा एक पुरावा; रॅडिकल्स तयार व्हायला लागणारं लोह या गुच्छांतून सुटतं, असं त्यांचं म्हणणं. कल्पना सुंदर होती, म्हणून झपाट्याने पसरलीही.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन गटांनी तिला सुरुंग लावला. इलिनॉयच्या जेम्स इमले यांच्या गटाने हीच तीन औषधं ऑक्सिजन नसताना वापरली. ऑक्सिजनच नाही तर रॅडिकल्स कुठून येणार? जीवाणू तरीही मेले. डीएनए दुरुस्तीची जनुकं काढलेले म्युटंट तपासले, तर अँपिसिलिन आणि कॅनामायसिनने ते काही जास्त सहज मेले नाहीत. रॅडिकल्सनी डीएनए फोडला असता, तर हे म्युटंट सर्वांआधी जायला हवे होते. बॉस्टनमधल्याच किम लुईस यांच्या गटाचा निष्कर्षही तसाच होता.

कॉलिन्स यांच्या गटाने २०१४ साली नवे पुरावे मांडून आपली बाजू लढवली. रॅडिकल्स मरणाला हातभार लावत असतीलही. पण ऑक्सिजनवाचूनही जीवाणू मरत असतील, तर मारेकरी म्हणून एकट्या त्यांचं नाव घेणं मला पटत नाही.