लिंटेल, सेंट्रिंग आणि खिद्रापूरचं आभाळ

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यात पन्हाळा आला. कोल्हापूरकरांना अभिमान वाटला तो वाटलाच, पण त्याबरोबर एक जुनी अडचणही ठळक झाली. परदेशातून, नाहीतर केरळातून किंवा बंगालमधून पाहुणा आला आणि इंग्रजीतच बोलायची वेळ आली, तर आपला गाईड, रिक्षावाला, कॉलेजातला मुलगा त्याला काय सांगणार? ऐकू येतं ते साधारण ठरलेलं असतं : एन्शंट, ब्यूटिफुल, व्हेरी फेमस, आणि फार रंगात आलं तर मॅग्निफिसंट. शब्दसंग्रहाची पुस्तकंही तेच शिकवतात. 'प्रेक्षणीय स्थळांचं वर्णन' अशा मथळ्याखाली वीस विशेषणं आणि खाली रिकाम्या जागा. माझं म्हणणं असं की, हा क्रमच उलटा आहे. वास्तूचं इंग्रजी शिकायचं तर विशेषणांपासून नव्हे, भारापासून शिकावं. कशावर काय टेकलंय, मधली मोकळी जागा कशानं झाकलीय आणि वरचं वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं उतरतं, या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली की लागणारे बहुतेक शब्द आपोआप गोळा होतात. आणि कोल्हापूरच्या आसपास या प्रश्नांची इतकी वेगवेगळी उत्तरं दगडात उभी आहेत की दुसऱ्या पाठ्यपुस्तकाची गरज पडू नये.

यातले निम्मे शब्द आपल्याला येतात, फक्त ते 'इंग्रजी' आहेत हे आपण विसरलोय. उपनगरात घर बांधायला काढलेला कुठलाही माणूस दिवसभर काय बोलतो ते ऐका. प्लिंथपर्यंत काम आलं, कॉलम उभे राहिले, बीम भरला, खिडक्यांवर लिंटेल टाकलं, स्लॅब पडला, पॅरापेट राहिलाय, बाल्कनी कँटिलिव्हर घेतलीय. गवंड्यापासून मालकाच्या आईपर्यंत सगळ्यांना हे शब्द अर्थासकट ठाऊक असतात, कारण त्यातला प्रत्येक पैशात मोजावा लागतो. हेच शब्द घेऊन देवळासमोर उभं राहिलं तर? देवळाचं जोतं म्हणजे प्लिंथ, गाभाऱ्याच्या दारावरची आडवी शिळा म्हणजे लिंटेल, मंडपाच्या छताच्या लाद्या म्हणजे स्लॅबच. यातला सगळ्यात रसाळ शब्द सेंट्रिंगचा. स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावणाऱ्याला आपण सेंट्रिंगवाला म्हणतो. पण हा शब्द मुळात कमानीचा. कमानीचे दगड रचून होईपर्यंत त्यांना खालून पेलून धरणारा जो गोल लाकडी सांगाडा, त्याला इंग्रजीत सेंटरिंग म्हणतात. शेवटचा, मधला पाचरीसारखा दगड बसला की कमान स्वतःच्या पायावर उभी राहते आणि सांगाडा काढून घेतात. तो दगड म्हणजे की-स्टोन. पाहुण्याला एवढं नीट सांगता आलं तर त्याला एका वाक्यात अख्खं बांधकामशास्त्र दिल्यासारखं आहे.

आता खिद्रापूर. लेखाचा तोल इथं जाणार हे आधीच मान्य करून टाकतो, कारण वास्तूची भाषा शिकायला कोपेश्वराच्या देवळाइतकी चांगली जागा या भागात दुसरी नाही. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं हे बाराव्या शतकातलं शिलाहारकालीन देऊळ. यादव राजा सिंघणाचा संस्कृत शिलालेखही इथं आहे. आत जाण्याआधी मंदिराच्या खालच्या थरातले हत्ती बघावेत. रांगेनं उभे, जणू सगळं देऊळ पाठीवर तोललेले. खरा भार अर्थात त्यांच्यामागच्या दगडावर आहे, पण भार कोणी उचललाय हा प्रश्न शिल्पकारालाही पडला होता आणि त्यानं त्याचं उत्तर कोरून ठेवलं. 'द टेंपल इज कॅरीड बाय एलिफंट्स' या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, पण दहा 'मॅग्निफिसंट'पेक्षा ते जास्त दाखवतं.

पुढचा स्वर्गमंडप म्हणजे या लेखाचं खरं निमित्त. एकूण अठ्ठेचाळीस खांब, त्यातल्या आतल्या बारा खांबांचं वर्तुळ, त्यावर दगडाचं कडं आणि कड्याच्या मध्ये छत नाहीच, सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल आभाळ. खाली बरोबर त्याच्याशी जुळणारी गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या वर्तुळात यायची वाट बघत लोक इथं जमतात. इंग्रजी जाणणारा कोणीही चटकन 'ओक्युलस' म्हणेल, रोमच्या पँथिऑनच्या घुमटातल्या भोकाला म्हणतात तसं. म्हणायला हरकत नाही, पाहुण्याला ओळखीची खूण मिळते. पण तेवढ्यावर थांबलं तर खिद्रापूरचं खिद्रापूरपण सांगायचं राहून जातं. पँथिऑनचा घुमट काँक्रीटचा, साच्यावर ओतलेला. खिद्रापूरचं कडं सुट्या दगडांच्या आडव्या थरांचं, चुन्याशिवाय रचलेलं. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला, टेबलाच्या काठावर पुस्तकांची चळत पुढेपुढे सरकवत न्यावी तसा. या पद्धतीला इंग्रजीत कॉर्बेलिंग म्हणतात. थर सरळ रेषेत असता तर तो कधीतरी आत कोसळला असता. वर्तुळात असल्यामुळे प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबतो आणि सगळं कडं स्वतःला आवळून धरतं. म्हणून मधली जागा उघडी राहिली तरी ते पडत नाही आणि म्हणूनच ते सेंट्रिंगशिवाय उभारता येतं. छत मुद्दाम उघडं ठेवलं की पुरं व्हायचं राहून गेलं, यावर वाद घालता येतो. पण तो वादसुद्धा कॉर्बेल हा शब्द आल्याशिवाय धड घालता येत नाही.

हे ओळखायचं कसं, तर सांधे बघून. छताकडे मान वर करून दगडांमधल्या रेषा पाहाव्यात. रेषा जमिनीला समांतर असतील तर कॉर्बेल. चाकाच्या आऱ्यांसारख्या एका मध्यबिंदूकडे निघाल्या असतील तर आर्च. हा फरक एकदा डोळ्यात बसला की शब्द पाठ करावा लागत नाही. तीच गोष्ट खांबांची. इथले खांब चौकोनी, अष्टकोनी, मग गोल असे आकार बदलत वर जातात आणि गोल भागावर इतक्या तुकतुकीत कडा आहेत की दगड लेथवर फिरवून कातल्यासारखा वाटतो. इंग्रजीत अभ्यासक त्यांना लेथ-टर्न्डच म्हणतात. शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या माणसाला हा शब्द शिकवावा लागेल का? उलट, तो पाहुण्याला कातकामाबद्दल आणखी चार गोष्टी सांगेल.

खिद्रापूरहून पन्हाळ्यावर आलं की सांधे फिरतात, अक्षरशः. आदिलशाहीतल्या तीन दरवाज्याच्या कमानी टोकदार आहेत आणि त्यांचे सांधे मध्यबिंदूकडे धावतात. इंग्रजी शाळकरी पुस्तकात पॉइंटेड आर्च म्हटलं की पुढं गॉथिक आणि युरोपातली चर्च येतात. कोल्हापूरच्या मुलानं तो शब्द पन्हाळ्यावर शिकावा, कारण इथली टोकदार कमान टाऊन हॉलच्या गॉथिक कमानींपेक्षा काही शतकं जुनी आहे. अंबरखान्यातल्या, म्हणजे गडावरच्या धान्यकोठारांतल्या, गंगा कोठीत व्हॉल्ट (कमानदार छत) आणि बे (खण) हे शब्द एकदमच हाताशी येतात. सोळा खण, प्रत्येक खणाला स्वतंत्र चपट्या घुमटासारखं छत आणि त्यात वरून धान्य सोडायला एक भोक. जिन्यानं माथ्यावर जाऊन तिथूनच धान्य ओतायचं. पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात.

आणि पन्हाळ्यावरचीच सज्जाकोठी. इथं नामांपेक्षा क्रियापदांचा फरक जास्त कळतो. आपण म्हणतो, सज्जातून दरी दिसते. इंग्रजीत सज्जाच दरीकडे बघतो : द बाल्कनी ओव्हरलूक्स द व्हॅली. आपल्याकडे जिन्यानं वर जायचं, तिकडे जिना वर नेतो. आपल्याकडे दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना बुरूज असतात, तिकडे बुरूज दरवाज्याला दोन्हीकडून फ्लँक करतात. बघणारा माणूस मराठी वाक्याच्या मध्ये असतो आणि इंग्रजी वर्णनात वास्तूच कर्ता होते. मराठी वाक्य मनात धरून त्याचं इंग्रजी करायला गेलं की 'फ्रॉम बाल्कनी व्हॅली इज सीन' असं काहीतरी होतं. चूक व्याकरणाची वाटते, पण असते वाक्य कुठून बघतंय याची. राइझेस, सपोर्ट्स, लीड्स टू, प्रोजेक्ट्स, इज क्राउन्ड बाय, अशी दहाबारा क्रियापदं आली तर विशेषणांची वही बंद करून ठेवावी.

नवा राजवाडा आणि इंग्रजी अमदानीतल्या इमारतींबद्दल थोडक्यात. वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट यांनी टाऊन हॉल 1872 ते 1876 मध्ये आणि नवा राजवाडा 1877 ते 1884 मध्ये उभा केला. राजवाडा पुरा होण्याआधीच, 1881 मध्ये ते वारले. हिशोब चुकलाय आणि आपल्या इमारती कोसळणार या भीतीनं ते शेवटी पछाडले होते, अशी कथा गाईड हमखास सांगतात. इमारती मात्र उभ्या आहेत. राजवाड्याची शैली इंडो-सारासेनिक, म्हणजे पाकळ्यांच्या कमानी, अष्टकोनी घड्याळाचा मनोरा, दरबार हॉलमध्ये शिवचरित्रातल्या प्रसंगांची रंगीत काच आणि सज्जाला पेलणारे लोखंडी ब्रॅकेट. टरेट, कस्प, स्टेन्ड ग्लास, बॅलस्ट्रेड हे शब्द इथं एका फेरीत मिळतात. तरी शिकायला सुरुवात इथून करू नये असं मला वाटतं, कारण इथं भाराचा हिशोब सजावटीमागे लपलेला आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार : पाहुण्याला लिंटेल नको असतं, गोष्ट हवी असते. हे खरंच आहे. पण पन्हाळ्याची मोठी गोष्ट कोणती? 1660 साली सिद्दी जौहरनं घातलेला वेढा आणि शिवाजी महाराजांची चार महिन्यांनंतर विशाळगडाकडे निसटण्याची रात्र. वेढा म्हणजे अखेर धान्य आणि पाणी यांचा हिशोब. अंबरखान्याचे खण आणि अंधारबाव या विहिरीचे मजले दाखवल्याशिवाय तो हिशोब पाहुण्याला समजणार नाही. दुसरा आक्षेप अभिमानाचा : आपल्या देवळांना इंग्रजी शब्द कशाला? पण इथं इंग्रजीनंच बरीच माघार घेतलीय. जेम्स फर्ग्युसननं 1876 मध्ये भारतीय वास्तुकलेचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हापासून अभ्यासकांचं इंग्रजी आपले शब्द उचलत गेलं. मधुसूदन ढाकी आणि मायकेल माइस्टर यांनी संपादित केलेल्या मंदिर-वास्तुकलेच्या कोशात तर मंडप, शिखर, गर्भगृह, जगती हेच शब्द पायाभूत आहेत. म्हणून नाव आपलं ठेवावं, क्रियापद इंग्रजी घ्यावं. शिखराला स्पायर म्हणायची गरज नाही, ते चर्चचं. 'द शिखर राइझेस अबव्ह द गर्भगृह' हे निर्दोष इंग्रजी आहे. तिसरा आक्षेप मोबाइलचा : तो करतोच की भाषांतर. करतो, पण तुम्ही बोललेल्याचं. 'व्हेरी ओल्ड, व्हेरी नाइस' एवढंच बोललात तर फ्रेंचमध्येही तेवढंच पोचेल.

एक शब्द मात्र आपला असूनही मी गाईडच्या तोंडून काढून घेईन, तो म्हणजे हेमाडपंती. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. चुन्याशिवाय दगड रचलेलं कुठलंही जुनं देऊळ आपण त्याच्या नावावर टाकतो. खिद्रापूर त्याच्या आधीचं, कोल्हापुरातल्या अंबाबाईच्या देवळाचा मूळ भागही आधीचा. पाहुण्याला हेमाडपंती म्हणून काही कळत नाही आणि कळलं तर चुकीचं कळतं. त्यापेक्षा 'बिल्ट विदाउट मॉर्टर' म्हणावं, म्हणजे तो लगेच सांध्यात बोट घालून बघतो.

अंबाबाईच्या देवळात या पद्धतीची खरी परीक्षा होते, कारण तिथं एकच काळ नाही. खाली काळ्या दगडाच्या, कोनाकोनांनी मोडत गेलेल्या भिंती, वर खूप नंतरची चुन्यातली शिखरं, पुढं एकोणिसाव्या शतकात पडलेली लाकडी गरुड मंडपाची भर. इथं भाराच्या शब्दांना काळाचे शब्द जोडावे लागतात : वॉज ॲडेड, वॉज रीबिल्ट, इज लेटर दॅन. आणि किरणोत्सवासाठी आणखी एक. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. 'द टेंपल इज अलाइन्ड विथ द सेटिंग सन' एवढं म्हटलं की पाहुणा मागे वळून महाद्वार रोडकडे बघतो, आणि त्या वाटेत वाढलेल्या इमारतींचा विषय गाईडला काढावाच लागत नाही.