परत आलेली गोधडी

लग्नसराईचे दिवस होते. एका गिऱ्हाइकानं आमच्याकडून एकदम सहा गोधड्या मागवल्या. सूनबाईला कोण आनंद झाला! एकाच घरी सहा गोधड्या जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. शिवणाऱ्या मावशींनी रात्री जागून शेवटचे धावदोरे घातले, मी खोकी बांधली, कुरिअरचा मुलगा ती घेऊन गेला. पंधराव्या दिवशी सहाच्या सहा गोधड्या परत दारात हजर. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘आवडल्या नाहीत.’

खोकी उघडली. एका गोधडीला खोबरेल तेलाचा वास, दुसरीवर हळदीचा डाग, आणि तिसरीच्या घडीत अक्षतांचे चार तांदूळ. पाहुणे आले, आमच्या गोधड्या पांघरून झोपले, वधूवरांना आशीर्वाद देऊन गेले आणि गोधड्या माहेरी परत आल्या! धुतलेली गोधडी नवी म्हणून विकायची नाही, असा आमच्या घरचा नियम. त्यामुळे त्या सहाही गोधड्या शेवटी ओळखीपाळखीच्या लोकांत, मिळेल त्या किमतीला गेल्या.

हा उद्योग सूनबाईनं २०२१ साली सुरू केला. आमच्या साताऱ्याच्या गल्लीतल्या चार बायकांची धुण्याभांड्याची कामं टाळेबंदीत सुटली होती. चौघींच्याही हातात गोधडीचा टाका होता. सूनबाईनं कापड आणून दिलं, फोटो काढले आणि इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारपेठेत दुकान मांडलं. मी बँकेतून निवृत्त झालेला, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवला, म्हणून इथलाही हिशेब, बांधाबांध आणि परत आलेल्या मालाचं खातं आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

गिऱ्हाइकाला वाटतं, परत करणं फुकट असतं. पडद्यावर तसं लिहिलेलंच असतं. पण व्यवहारात फुकट काही नसतं. फक्त पैसे कोण भरतो, ते दिसत नाही. आमचाच हिशेब मांडतो. गोधडीची किंमत तेव्हा २,४०० रुपये होती. त्यात कापडाचे ६००, मावशींच्या मजुरीचे १,०००, खोकं-पिशवी-चिकटपट्टीचे ४०, बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीचं कमिशन ३०० आणि पाठवण्याचा खर्च १८०. बेरीज झाली २,१२०. करांचा भाग बाजूला ठेवला, तर हाती राहिले २८०.

आता हीच गोधडी परत आली असं धरा. कमिशन परत मिळतं, पण जाण्याचे १८० गेले, येण्याचे २०० आमच्याच माथी बसले आणि बांधणीचे ४० वाया गेले. म्हणजे ४२० रुपयांचा खड्डा. तो भरायला दीड गोधडीचा नफा लागतो. आणि गोधडी पुन्हा विकण्याजोगी राहिली नाही, तर कापड आणि मजुरीचे आणखी १,६०० बुडाले. मग सात गोधड्या विकल्या तरी ते नुकसान पुरतं भरून निघत नाही. मावशींची मजुरी तर आधीच दिलेली असते. ती परत मागता येत नाही आणि मागूही नये.

पाठवण्याच्या खर्चानं तर मला सुरुवातीला चांगलंच शिकवलं. आमची गोधडी दोन किलोची. मी घरी तराजूवर वजन करून, दोन किलोचा दर धरून किंमत ठरवली. बिल आलं जवळजवळ पाच किलोचं! मी तावातावानं फोन केला. पलीकडच्या मुलानं शांतपणे समजावलं, ‘काका, गठ्ठा गाडीत जागा किती खातो, त्याचंही वजन धरतात.’ लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५,०००नं भागायचं. आलेला आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल, तर तोच वजन म्हणून धरायचा. माझं खोकं ४५ बाय ३५ बाय १५ होतं. म्हणजे ४.७ किलो. कापूस असो, कापड असो की हवा, भाडं जागेचं.

मग सौ.नं युक्ती काढली. गोधडीची घट्ट घडी घालायची, वर पाट ठेवायचा आणि पाटावर यजमानांना बसवायचं. दहा मिनिटांत पंधराची उंची आठवर येते आणि वजन अडीच किलोवर. ज्या माणसासमोर एके काळी कर्जदार हात जोडून बसत, तो आता रोज सकाळी वर्तमानपत्र वाचत गोधडीवर बसतो. शिवाय प्रत्येक गठ्ठ्याला मोजपट्टी लावून, तराजूवर ठेवून फोटो काढतो. वजनावरून वाद झाला की तोच पुरावा.

या धंद्यात ‘आरटीओ’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला वाटलं, गाडीच्या लायसन्सचं काहीतरी काम निघालं. इथं त्याचा अर्थ, माल गिऱ्हाइकाच्या हाती न पडताच निघाल्या ठिकाणी परत येणं. दाराला कुलूप असतं, पत्ता अपुरा असतो, किंवा दारात पैसे मोजायची वेळ येते तेव्हा मन बदललेलं असतं. यातला शेवटचा प्रकार आपल्याला काही नवा नाही. माल हातात आल्यावर पैसे, ही पद्धत आपल्या टपालखात्यानं १८७७ सालीच व्ही.पी.च्या रूपानं सुरू केली होती. माझ्या लहानपणी मुंबईहून व्ही.पी.नं पुस्तक यायचं, पोस्टमन ओट्यावर बसायचा आणि वडील ‘व्ही.पी. सोडवायला’ डब्यातले पैसे काढायचे. एखाद्या महिन्यात डबा रिकामा असला, तर ते मान खाली घालून ‘परत पाठवा’ म्हणायचे. पुस्तक न सोडवता परत जाणं, ही आमच्या घरी शरमेची गोष्ट होती.

पुढं माझी पहिली कादंबरी निघाली, तेव्हा प्रकाशकांनी मला कोपऱ्यातला एक ढीग दाखवला. ‘या परत आलेल्या व्ही.पी. जाण्याचं टपालहशील गेलं, पुस्तकाचे कोपरे दुमडले, वर तुम्हाला मानधन द्यायचं!’ तेव्हा मला तो लेखकाचा अपमान वाटला होता. आता कळतं, की ते बिचारे हिशेब सांगत होते.

पुस्तकांचं एक बरं आहे. टपालखात्यानं १ मे २०२५ पासून त्यांच्यासाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. कर सोडले तर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये. गोधडीला अशी सवलत कोण देणार? ज्ञानाला नाही म्हटलं तरी सरकारी आधार आहे, उबेला नाही.

बँकेत चेक परत करायचा, तर कारण लिहावंच लागे. खात्यात पुरेसे पैसे नाहीत, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली, अशी ठरावीक कारणं छापलेला कागद चेकला जोडला जाई. ती सवय कामी आली. मी एक वही घातली. परत आलेली प्रत्येक गोधडी, तिची तारीख, खर्च आणि कारण. तीन महिन्यांनी वही वाचली, तर चित्र माझ्या समजुतीपेक्षा वेगळंच निघालं. लबाडी फार थोडी होती. सर्वांत जास्त वेळा आलेलं कारण होतं, ‘फोटोत मोठी वाटली.’ दुसरं, ‘टाके सारखे नाहीत.’ तिसरं, ‘रंग वेगळा.’

म्हणजे बरीचशी चूक आमच्या फोटोची आणि वर्णनाची होती. सूनबाईनं गोधडी नेहमीच्या एकेरी कॉटवर पसरून नवे फोटो काढले, दिवसाच्या उजेडात. मापं फुटांत आणि इंचांत लिहिली. आणि स्पष्ट घातलं, ‘ही हातशिलाई आहे. टाके लहानमोठे असतील.’ जो दोष म्हणून परत येत होता, तोच आता गुण म्हणून विकला जाऊ लागला. पैसे दारात देणाऱ्यांना माल निघण्याआधी एक निरोप जातो: ‘त्या दिवशी घरी कुणी आहे ना?’ परत आलेलं प्रत्येक खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण होतं. परत येणाऱ्या गोधड्या निम्म्यावर आल्या.

तरी काही येणारच. बँक बुडीत कर्जासाठी नफ्यातून तरतूद करते, तशी मीही केली. वीस गोधड्यांमागे दोन परत येतात असं धरलं, तर खर्च ८४० रुपये. वीस गोधड्यांवर वाटला तर प्रत्येकी ४२. आम्ही किंमत ५० रुपयांनी वाढवली. हिशेब जुळला, पण मनाला एक टोचणी लागली. त्या लग्नघरच्या पाहुण्यांची पांघरुणं आता पुढची वीस प्रामाणिक माणसं थोडी थोडी करून भरत होती.

आणि अशाच एका प्रामाणिक बाईंशी मी जे वागलो, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

त्या सहा गोधड्या परत आल्यानंतर दोनच आठवड्यांनी कोकणातून एका निवृत्त शिक्षिकेचा निरोप आला. ‘गोधडीच्या कोपऱ्यावर दोन बोटं लांबीचा छेद आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी घेऊन ठेवली होती, म्हणून आज उघडली. बदलून मिळेल का?’ सोबत फोटो. मी उत्तर लिहिलं, ‘वस्तू मिळून बारा दिवस झाले. परतीची मुदत सात दिवसांची आहे. छेद धारदार वस्तूचा दिसतो. आमच्याकडून माल तपासूनच पाठवला जातो.’ वाक्यावाक्याला बँकेचा वास होता. एकही शब्द तसा खोटा नव्हता, पण सगळे मिळून तो एक आरोप होता.

सूनबाई म्हणाली, ‘बाबा, देऊ या ना बदलून.’

मी म्हणालो, ‘असं करत बसलीस, तर त्या चौघींची मजुरी कुठून देणार आहेस?’ ती गप्प बसली. मावशींचं नाव पुढं केल्यावर ती दुसरं काय बोलणार?

तीन आठवड्यांनी पुण्याहून तक्रार आली. फोटो उघडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तोच कोपरा. तेवढाच छेद. मी उठून बांधणीच्या टेबलाशी गेलो. त्या महिन्यात पिशव्या थोड्या मोठ्या आल्या होत्या. गोधडी आत घालून पिशवीचं जादा तोंड मी धारदार पात्यानं कापत होतो. वरच्या घडीचा कोपरा बरोबर पात्याखाली येत होता. आमच्याकडून माल तपासूनच पाठवला जातो, हे खरं. पण तपासल्यानंतर तो मी कापत होतो!

२०२० सालच्या ई-कॉमर्सविषयीच्या ग्राहक संरक्षण नियमांत म्हटलं आहे, की माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मी तो नियम वाचला होता. मुदतीच्या आडोशाला उभा राहिलो होतो, एवढंच. बँकेतही एक जुना कायदा आम्हाला पाठ असे. खात्यात पैसे असताना बँकेनं विनाकारण चेक परत केला, तर झालेल्या नुकसानीला बँक जबाबदार. कारण त्यात खातेदाराची पत जाते. इथं मी एका बाईंची पत परत केली होती, आणि तीही कारण न शोधता.

बाजारपेठेच्या खिडकीतून पाठवलेला निरोप मला पुरेसा वाटेना. खोक्यावरचा पत्ता आमच्या नोंदीत होता. मी अंतर्देशीय पत्र घेतलं आणि पात्यापासून माझ्या उत्तरापर्यंत सगळं लिहिलं. पुरे पैसे परत करतो, गोधडीही ठेवून घ्या, अशी विनंती केली.

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. शाळेच्या फळ्यावर असतं तसं वळणदार अक्षर. ‘पत्र पोहोचले. गोधडीला मी ठिगळ लावले आहे. नात तीवरच निजते. पैसे नकोत, माल चांगला आहे. गोधडीच्या ठिगळाचे काय एवढे! पण तुम्ही मला खोटे ठरवलेत, ते ठिगळाने झाकत नाही. पुढच्या बाईशी असे वागू नका.’

त्यांनी पुन्हा कधी आमच्याकडून काही मागवलं नाही. सूनबाईनं ते कार्ड बांधणीच्या टेबलावरच्या भिंतीला लावलं. मला काही बोलली नाही.

वहीत आता एक रकाना वाढवला आहे: ‘चूक कोणाची?’ पहिली नोंद माझ्या नावावर आहे. लबाड गिऱ्हाइकं अजून येतात. मागच्याच महिन्यात नव्या गोधडीच्या खोक्यात कुणीतरी जुनी चादर भरून पाठवली. त्याचं चित्रण केलं, तक्रार केली, निम्मे पैसे मिळाले, निम्मे बुडीत. त्यासाठीच तर ते ५० रुपये आहेत. लबाडाची किंमत आकड्यात धरता येते. तिचा राग पुढच्या माणसावर काढला, की मात्र हिशेब कधीच जुळत नाही.

पिशवीचं तोंड मी आता कात्रीनं कापतो, घडीपासून चांगलं वीतभर लांब धरून. आणि तक्रार आली, की उत्तर लिहायला बसण्याआधी त्या टेबलाशी जाऊन एकदा आपलेच हात बघून येतो.