छत्तीसवरून सत्तावीसला : बेगम बाजारातला हिशेब

देगलूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या पहाटेच्या गाडीत बसले की बरेच प्रवासी बेगम बाजारचे निघतात. कुणाला लग्नाची भांडी घ्यायची असतात, कुणाला दुकानात भरायला सुकामेवा, तर कुणाला नुसते भाव काढून यायचे असतात. निजाम अली खान यांच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून बेगम बाजार, असे सांगतात. सीमेवरच्या आपल्या गावांचा या बाजाराशी संबंध फार जुना. पूर्वी माल आणायला जात, तसे पोरेही कामाला जात. आमचे मामा तिथल्या एका पितळी भांड्यांच्या पेढीवर हिशेब लिहायचे. गादी, उतरते डेस्क आणि लाल कापडाच्या वह्या हे त्यांचे कार्यालय.

माझा पुतण्या परवा त्याच बाजारात नोकरी मागायला गेला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. आणि तालुक्याच्या गावी टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत. शेटजींनी ते उलटूनही पाहिले नाही. एकच प्रश्न विचारला, "छत्तीस से सत्ताईस का बिल बनाना आता क्या?"

पोरगा गप्प. क्लासमध्ये कळा पाठ करून घेतल्या होत्या. एफ पाच दाबले की पेमेंट, एफ सहा रिसीट, एफ सात जर्नल. छत्तीस आणि सत्तावीस हे काय प्रकरण, ते कुणी सांगितलेच नव्हते.

खरे तर हे प्रकरण आपल्या दारातलेच आहे. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला. प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. तेलंगणाचे 36, महाराष्ट्राचे 27. बेगम बाजारच्या व्यापाऱ्याने 18 टक्क्यांचा माल हैदराबादेतच पाठवला तर नऊ टक्के केंद्राचे आणि नऊ टक्के राज्याचे, असे दोन कर बिलावर दिसतात. तोच माल देगलूरच्या दुकानदाराला पाठवला की एकच अठरा टक्क्यांचा एकात्मिक कर लागतो. माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर सोबत ई-वे बिल हवे. ते नसेल तर टेम्पो वाटेत अडला म्हणून समजा. 1956 साली नकाशावर ओढलेली रेघ अशी आता प्रत्येक बिलावर उमटते. शेटजींचे निम्मे गिऱ्हाईक रेघेपलीकडचे असेल तर त्यांनी दुसरे काय विचारावे?

पोराचे नशीब असे की पेढीवर भालकीकडचे एक म्हातारे मुनीम होते. त्यांना संगणक लावताही येत नाही. पण ते म्हणाले, "पोरा, सरकारला एक कूळ समज अन् त्याचं खातं उघड. खरेदीवर कर भरलास, ती तुझी येणे बाकी. विक्रीवर कर घेतलास, ते तुझं देणं. वजा कर अन् उरेल ते महिन्याला भर." तीन महिन्यांत जे डोक्यात शिरले नव्हते ते दहा मिनिटांत शिरले. कारण ते मराठीत सांगितले होते, आणि सांगणाऱ्याला ते कळलेले होते. ही दुसरी गोष्टही पहिलीइतकीच महत्त्वाची. मराठीत शिकवले म्हणजे आपोआप कळते, अशी आपली एक गोड समजूत आहे.

पोटासाठी भाषा बदलणे आपल्या भागाला नवे नाही. आमच्या आजोबांचा हात मोडीवर बसलेला, पण निजामाच्या राज्यात नोकरी हवी म्हणून ते उर्दू शिकले. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून वैद्यक, अभियांत्रिकी अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणली गेली. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले. मात्र मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांना ती भाषाही परकीच होती. म्हणून तर हैदराबादच्या मराठी मंडळींनी 1907 सालीच विवेकवर्धिनी काढली होती. केशवराव कोरटकर, वामन नाईक ही त्या पिढीची नावे. जांबागेतली ही संस्था बेगम बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1948 च्या पोलिस कारवाईनंतर उस्मानियात उर्दू जाऊन इंग्रजी आली. ज्यांनी उर्दूत पदव्या घेतल्या होत्या, त्यांना पुन्हा पाटीवरची अक्षरे पुसावी लागली.

1998 साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि हैदराबादचे तोंड पश्चिमेला वळले. नांदेड-लातूरची पोरे अमीरपेठेत खोल्या घेऊन जावा, ओरॅकल शिकू लागली. त्यांतली काही अमेरिकेला पोचली. बरीचशी परत आली, त्यांच्याविषयी मात्र कुणी बोलत नाही.

मराठीने या काळात काहीच केले नाही असे नव्हे. 2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने खेड्यातल्या मुलांना मराठीतून संगणक दाखवला. पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयात 2021 पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकण्याची सोय झाली. आणि हिशेबाच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द दफ्तरात घासून गुळगुळीत झालेले आहेत आणि पाठ्यपुस्तकातही आहेत. अडचण अशी की वर्गात मुलगा तेरीज शिकतो आणि क्लासमध्ये ट्रायल बॅलन्स. दोन्ही एकच, हे त्याला कुणी सांगत नाही. वाणिज्य शिकवणाऱ्या गुरुजींनी महिन्यातून एक तास टॅली उघडून ठेवली आणि समोर फळ्यावर खतावणी मांडली तर यातले निम्मे दुखणे जाईल. त्याला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

सीमेवर आणखी एक ओझे असते. जिवती तालुक्यातल्या ज्या गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तिथे मराठी शाळाही आहे आणि तेलुगूही. तेलंगणाने 2018 साली शाळांत तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्राने 2020 साली मराठीची. मदनूर-बोधनकडच्या पालकांना विचारा, ते म्हणतात, "आम्ही कोणती टाकावी?" माझे मत सरळ आहे. मराठी ठेवावी, तेलुगू शिकून घ्यावी. बाजारात तेलुगू येणाऱ्याला गिऱ्हाईक बसायला स्टूल देते. शिवाय हिशेबाची तेलुगू आपल्याला निम्मी येतेच. बाकी, जमा, खाता, रसीदु, हे शब्द कोणत्या नाक्यावर अडवले गेले सांगा!

पुतण्याला पेढीवर ठेवून घेतले आहे. परवा त्याची वही पाहिली. पानावर तीन रकाने पाडलेत. पहिल्यात मुनीमजींचा मराठी शब्द, दुसऱ्यात टॅलीची कळ, तिसऱ्यात तेलुगू उच्चार देवनागरीत. तेवीस पाने भरली होती. मुनीमजी म्हणे रोज संध्याकाळी ती वही मागून घेतात आणि दुसरा रकाना पाठ करतात.