व्यसनाधीनता, एडीएचडी आणि व्यक्तिमत्त्व विकार : निदानातील भेद

व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या प्रौढांमध्ये अवधान न्यूनता अतिक्रियाशीलता विकार (एडीएचडी) आणि व्यक्तिमत्त्व विकार हे दोन्ही सर्वसामान्य लोकांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. उतावीळपणा, चटकन येणारा राग, तसेच नोकरीतील व नातेसंबंधांतील अस्थैर्य दोहोंत दिसत असल्याने एका विकाराऐवजी दुसऱ्याचे निदान होण्याचा संभव असतो.

लक्षणांतील भेद

एडीएचडीचा आरंभ बालपणात होतो. डीएसएम-५ (२०१३) या अमेरिकी वर्गीकरणानुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. विसराळूपणा, कामे अर्धवट सोडणे, वस्तू हरवणे व चुळबुळ ही लक्षणे मानसिक ताण नसतानाही आढळतात.

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारात जवळची व्यक्ती सोडून जाईल ही तीव्र भीती, रितेपणाची भावना, अस्थिर आत्मप्रतिमा व स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती प्रमुख असते. यातील भावनांचे चढउतार बहुधा नातेसंबंधांतील प्रसंगांशी निगडित असतात. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारात इतरांच्या हक्कांची पायमल्ली होते आणि पश्चात्ताप सहसा दिसत नाही. एडीएचडीच्या रुग्णाला मात्र उतावीळपणे केलेल्या कृतीची पुष्कळदा खंत वाटते.

निदान

नशेचा अंमल आणि नशा सोडताना होणारा त्रास या दोहोंमुळे एकाग्रता व मनःस्थिती बिघडते. त्यामुळे केवळ उपचारांच्या पहिल्या काही दिवसांतील वर्तनावरून निष्कर्ष काढता येत नाही. व्यसन जडण्यापूर्वीचा आणि व्यसनमुक्त काळातील इतिहास तपासावा लागतो. त्यासाठी पालक व भावंडांची माहिती, तसेच शाळेच्या प्रगतिपुस्तकांतील शेरे उपयोगी पडतात. प्रश्नावली प्राथमिक चाळणीपुरती असते. तीवरून निदान निश्चित होत नाही. दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात.

उपचारांवरील परिणाम

एडीएचडीवर मेथिलफेनिडेट हे उत्तेजक किंवा ॲटोमोक्सेटिन हे अनुत्तेजक औषध दिले जाते. मेथिलफेनिडेटचा दुरुपयोग होऊ शकत असल्याने भारतात त्यावर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे. सीमावर्ती विकारात मानसोपचार मुख्य असून मार्शा लिनहान यांनी विकसित केलेली द्वंद्वात्मक वर्तनोपचार पद्धती वापरली जाते. निदान चुकल्यास एडीएचडीचा रुग्ण ‘स्वभावानेच बेजबाबदार’ ठरून औषधाला मुकतो, तर सीमावर्ती विकाराच्या रुग्णाला अनावश्यक उत्तेजक मिळून त्याच्या आत्मघाताच्या धोक्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.